धाकट्या जावेच्या मृत्यूबाबत

वर नाव नोंदवलेली मी, वय ४६ वर्षे, धंदा धुलाई कारखान्यात इस्त्री, राहणार कारखान्यामागच्या खोल्या, खोली क्रमांक सात, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी पती, दीर व धाकटी जाऊ यांच्यासह तीन वर्षांपासून राहते. लढाईमुळे घरदार सोडून आम्ही या देशात आलो. तिकडे मी एकोणीस वर्षे सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत परिचारिका होते. इथे ते प्रमाणपत्र चालत नाही.

जाऊ, वय २६ वर्षे, हिला पाचवा महिना लागला तेव्हा मी तिला सरकारी रुग्णालयात नाव घालायला नेले. खिडकीवरच्या बाईंनी राहण्याचा परवाना मागितला. तिचा आणि दिराचा परवाना नूतनीकरणाला दिलेला होता, म्हणून पावती दाखवली. बाई म्हणाल्या, "पावती चालत नाही. नाव घातलं की ते परदेशी लोकांच्या कचेरीत जातं. मी पाठवत नाही, मशीनच पाठवतं. बघा, घालू का?" बाई उद्धट नव्हत्या. आदल्याच आठवड्यात खोली क्रमांक तीनमधल्या शिंपिणीला, ओली बाळंतीण असताना, याच रुग्णालयातून, परवाना नसलेल्यांना कोंडून ठेवतात त्या छावणीत नेले होते. जाऊ म्हणाली, "नको जाऊबाई, चला." आम्ही परत आलो.

त्याच रुग्णालयाच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. जाऊ इस्त्री फिरवताना म्हणायची, "चादरींचं बरं आहे, त्यांना खिडकीवर कोणी अडवत नाही." आम्ही हसायचो.

त्यानंतर मीच तिला तपासत होते. आठव्यात तिचे पाय सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे ठिपके येऊ लागले. बुधवारी रक्तदाब १६० वर ११० भरला. त्याचा अर्थ मला कळत होता. मी दिराला म्हणाले, "आजच न्यायला हवं." दीर म्हणाला, "वहिनी, सोमवारी परवाना मिळतोय. चार दिवसांसाठी छावणी पदरात घ्यायची का?" मी गप्प बसले. बसायला नको होते.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, इस्त्रीच्या टेबलाशी उभी असताना, तिला आकडीचा झटका आला. मुकादमाने रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडून रुग्णाचा ओळखक्रमांक विचारला. मुकादमाने स्वतःचा सांगितला. गाडी बारा वाजून पाच मिनिटांनी आली. तोवर दुसरा झटका येऊन गेला होता. मी तिला कुशीवर धरून बसले होते. मधे शुद्धीवर आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "माझं नाव सांगू नका."

रुग्णालयात पोट उघडून मुलगी काढली. जाऊ दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी वारली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "एक दिवस आधी आणली असती तर वाचली असती. एवढं घरात ठेवायला तुम्ही काय अडाणी आहात?"

मुलगी काचेच्या पेटीत आहे. वजन एक किलो आठशे. तिच्या बापाने तिला अजून पाहिलेले नाही, कारण रुग्णालयाच्या दाराशी कचेरीची दोन माणसे बसलेली असतात. माझ्या परवान्याचे पाच महिने बाकी आहेत, म्हणून मी जाते आणि घरी येऊन ती कशी दिसते ते त्याला सांगते. सोमवारी परवाना आला नाही.

धोका माहीत असताना रुग्णालयात का नेले नाही, असे मला विचारण्यात आले. माझे म्हणणे असे की, नेले होते. पाचव्या महिन्यात.

हवालदारांनी हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "घरच्यांच्या निष्काळजीपणामुळे" हे शब्द होते. ते मी सांगितलेले नाहीत. ते खोडायला लावून शेजारी सही केली आहे. हवालदार म्हणाले, "मग कारणाच्या रकान्यात काय लिहू?" मी जे सांगितले ते लिहिता येणार नाही असे ते म्हणाले. रकाना मोकळा आहे. बाकीचा मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम बरोबर आहे.