डोळे मिटायचे, कान नाही

त्वचेच्या दवाखान्यात शिवणकाम करणारी एक बाई नंबराची वाट पाहत बसली होती. महिन्यापूर्वी तिच्या कोपरावर पांढरा डाग उठला होता आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. इतक्यात डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून एक सुतारकाका आणि त्यांची बायको बाहेर आली, तिच्या शेजारी बाकावर टेकली.

“ऐकलंस ना? दोन्ही हातांवर सारखं कोड, म्हणून त्यांनी रक्त तपासलं. कोडाबरोबर कधीकधी थायरॉइडही बिघडतं. माझं बिघडलंय!”

“अहो, हळू! बक्षीस लागल्यासारखं काय ओरडताय?”

“लागलंच आहे. सारखी झोप येते, थंडी वाजते, रंधा ओढवत नाही, ते सगळं त्यानंच. आणि तू मला आळशी म्हणायचीस.”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिघडून सहा-सात महिने झाले असतील. त्याआधीची वीस वर्षं तुमची स्वतःची.”

“बरं, ती माझी. अगं, पण डोळे का पुसतेस?”

“मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय. मी बोलायला लागले की तुमचे डोळे मिटायचे.”

“वेडाबाई, डोळे मिटायचे, कान नाही.”

“मग काल दुपारी मी काय सांगत होते?”

“तुझ्या बहिणीनं नवा पंखा घेतला, तो विमानासारखा घरघरतो, आणि मेहुणे म्हणतात...”

“पुरे, पुरे! लोक ऐकतायत.”

“ऐकू द्या की,” शिवणकामवाली बाई म्हणाली. “मेहुणे काय म्हणतात?”