पिकअपमधला ठसका

चहा गार होईल, पण ऐका, चूक माझीच होती. शेजारचे रमणअण्णा भंगारातले पार्ट आणून आपली जुनी पिकअप घरीच दुरुस्त करत होते. मला कुठं राहवतंय! ते दिवे आणायला गेले आणि मी मागचा हौदा साबणानं घासून काढला.

परत येऊन अण्णांनी हौद्यात डोकं घालून जोरात श्वास घेतला.

“वहिनी, मिरचीना ठसका कोठे गया?”

“मीच धोई टाकं. काबर?”

“मन्ही इंदू मिरचीना पोतासवर बठे, खोकत खोकत माले बोले. तिन्हा तेवढाच वास ऱ्हायना व्हता.”

अण्णांची बायको इंदूबाई वारल्याला वर्ष झालं होतं.

मी गच्चीवर वाळत घातलेली मिरची आणून हौद्यात पसरली. अण्णा खोकले, मीही खोकले. मग दोघंही डोळे पुसत मिरचीलाच नावं ठेवत बसलो.