दत्तक अर्ल

बाबांना इंग्लंडमध्ये रीडिंग गावाजवळ एका अर्लच्या, म्हणजे इंग्रज सरदाराच्या, घराण्याची हवेली दाखवायला नेलं आणि माझी पार पंचाईत झाली. गाइड बाई म्हणाल्या, "शेवटच्या अर्लना दत्तक मुलगा होता, पण दत्तकाला टायटल मिळत नाही. म्हणून ते संपलं."

मी भाषांतर केलं. बाबा पडले साताऱ्याचे.

"म्हणजे खालसा झालं?"

"बाबा, हळू!"

"हळू काय? दत्तक नामंजूर म्हणून साताऱ्याचं राज्य यांनीच खालसा केलं होतं. सांग तिला."

मी चाचरत सांगितलं. बाई ओशाळून सॉरी म्हणाल्या.

"सॉरी नको म्हणावं," बाबा म्हणाले. "आम्हाला वाटायचं, नियम फक्त आमच्यासाठी काढलेला. घरीही पाळता, बघून बरं वाटलं."