सहा पाकळ्यांचा चाफा

फुलपाखरू उद्यान पाहून आमचं बागप्रेमी मंडळ मार्गासनीच्या रोपवाटिकेत आलं. रांगेत माझ्यापुढे अंबूबाई मालकाशी, धनाजीशी बोलत होत्या. मी कदाचित ऐकायला नको होतं.

"या चाफ्याला सहा पाकळ्या? एरवी पाचच असतात ना?"

"मोजा की मावशी. मोजायचं पैसं न्हाई घेत."

"आमच्या दारात असाच होता. गाव धरणात गेलं, झाडही पाण्याखाली गेलं. तेव्हापासून शोधतेय. तुला फांदी कुणी दिली?"

"गेल्या साली एक म्हातारी आली व्हती. म्हणली, माजी अंबू येईल, तिला रोप दे."

"मला अंबू फक्त आई म्हणायची. ती गाव उठायच्या आधीच वारली."

"मग दुसरी कुणी आसंल."

"फांदी वाळलेली होती का रे?"

"न्हाई मावशी. आत्ताच तोडल्यावानी चीक गळत व्हता."