वैद्यीण गट सोडते

(संध्याकाळ. नणंदेचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून व्हिडिओ गेमचा कंट्रोलर भावजयीच्या हातात.)

नणंद: डावीकडे नको गं, तिकडे नदी आहे. भुयाराचं दार उजवीकडे.

भावजय: नदीकाठी बाकावर कोणीतरी बसलंय, ताई. डोक्यावर उद्गारचिन्ह लुकलुकतंय.

नणंद: ती आपल्या गटातली वैद्यीण. तिचं रोजचंच आहे. तू चल पुढे.

भावजय: रोज बोलावते?

नणंद: या खेळात दिवसाला एकच संध्याकाळ मिळते. एक तर सोबत्यांपैकी कुणाशी गप्पा मारा, नाहीतर भुयारात उतरा. मी उतरते. गप्पांनी राक्षस मरत नाहीत.

भावजय: म्हणजे हिच्याशी एकदाही बोलला नाहीत?

नणंद: बोलून काय करायचंय? तिचं चिलखत बघ. गटातलं सगळ्यात भारी. आधी तिला घेतलं, मग माझ्या गड्याला.

भावजय: थांबा, फोन वाजतोय. हात अडकलेत, स्पीकरवर टाकते. बोल रे.

भाऊ: अगं, घराचा मालक समोर बसलाय. भाड्याने घ्यायचं की नाही, आत्ताच सांगायचंय. खाली दुसरं जोडपं थांबलंय.

भावजय: अरे, ताई इथेच आहेत.

भाऊ: ... मेलो. करतो परत.

नणंद: घर बघताय?

भावजय: बघून झालं. चौथा मजला, दोन खोल्या. जेवताना सांगणार होते.

नणंद: इथे काय कमी पडलं? मोठी खोली दिली. कपाट रिकामं करून दिलं. तुला गार पाण्याचा त्रास होतो म्हणून गिझर बदलला.

भावजय: काहीच कमी पडलं नाही.

नणंद: कधी वाकडा शब्द बोलले मी?

भावजय: सरळ तरी कुठे बोललात? लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून आपलं एक भांडण झालेलं नाही, ताई. भांडायलासुद्धा ओळख लागते.

नणंद: चालव पुढे.

भावजय: कुठे?

नणंद: भुयारात. दुसरं कुठे?

भावजय: दारातच पाटी आली. ‘वैद्यीण उद्या पहाटे गट सोडून जाणार. तरी उतरायचं?’

नणंद: जाणार? अशी कशी जाईल? खालच्या मजल्यावर जखमा कोण भरणार, हिचा बाप?

भावजय: ‘हो’ दाबू की ‘नाही’?

नणंद: ... नाही. नदीकडे वळव.

भावजय: बसलो बाकावर. ती विचारतेय, ‘मी गेले तर चालेल ना?’ आपल्याला उत्तरं तीन दिलीत. ‘तुला नवी अंगठी आणतो.’ ‘तुझ्याशिवाय आम्ही हरू.’ आणि ‘कुठे जाणार आहेस?’

नणंद: दुसरं दाब. खरं तेच आहे.

भावजय: खरं आहे, पण त्यात ती कुठेय? आमच्या चष्म्याच्या दुकानात कोणी आलं की आधी विचारतो, काय वाचायला त्रास होतो. एकदम काच डोळ्यावर नाही चढवत.

नणंद: बरं, दुकान नको मांडूस. तिसरं दाब.

भावजय: बोलायला लागली. गावी दवाखाना काढायचाय म्हणते. तिथे साध्या तापानेही माणसं जातात.

नणंद: मग आता थांबेल?

भावजय: नाही. जाणारच. पण हे बघा काय लिहून आलं. ‘हाक मारलीत तर वैद्यीण लढाईला येईल.’

नणंद: अख्खा हिवाळा खेळले, मला हे ठाऊकच नाही.

भावजय: पुढे खेळू?

नणंद: ठेव तो कंट्रोलर खाली. मी दिवसभर लिफ्ट तपासत अंधाऱ्या शाफ्टमध्ये लोंबकळत असते. तिथे तारा आणि चाकं. घरी आल्यावर माणसाशी कुठून सुरुवात करायची, मला जमत नाही. वाटलं, नवं जोडपं आहे, आपण मध्ये नको.

भावजय: आणि मला वाटलं, मी नकोशी आहे, फक्त तुम्ही सभ्य आहात.

नणंद: छान. सभ्यपणाने वाटोळं केलं. त्या घरात काय आवडलं तुला?

भावजय: स्वयंपाकघराची खिडकी. खाली शाळेचं मैदान दिसतं. आम्ही लहानपणी गोदामामागच्या खोलीत राहायचो. खिडकीच नव्हती. दुपारीसुद्धा दिवा लावून अभ्यास.

नणंद: हे आमचा शहाणा कधी बोलला नाही.

भावजय: त्यालाही सांगितलेलं नाही.

नणंद: मग घे ते घर.

भावजय: रागाने म्हणताय?

नणंद: रागाने असते तर दार आपटून आत गेले असते. प्लास्टर निघालं की तिथली लिफ्ट मी तपासणार. तोवर जिन्याने चढा दोघं, पोटं कमी होतील.

भावजय: आला त्याचा फोन. हं, बोल.

भाऊ: ताई चिडली का गं?

नणंद: चिडलेय. परस्पर घर बघितलंत म्हणून. आता तोंड वर करून मालकाला हो म्हण.

भाऊ: म्हणजे... घ्यायचं?

भावजय: घ्यायचं.

भाऊ: बरं. पण किल्ल्या दोनच आहेत म्हणतोय.

भावजय: असू देत. तिसरी आपण करून घेऊ.