ताईची भट्टी

तुम्हाला ताईच्या भट्टीचं सांगितलंय का? २०१४-१५ची गोष्ट. आम्ही सिंगापूरला, सेंगकांगमध्ये, ताईनं अमेरिकेत उंच डोंगरावर घर घेतलेलं. घर गरम करायची भट्टी निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत भट्ट्याच सांभाळायचो. मी बजावलं, "तिथे हवा विरळ असते, बर्नर त्या हिशोबानं लावून घे."

भट्टी बसवल्यावर ताईनं व्हिडिओ कॉल केला. "आली रे ऊब!"

मी खूश. एवढ्यात माझ्या शेजारी बनियनवर बसलेल्या बाबांनी फोन घेतला. "टाचांच्या भेगांना कोकमतेल लावतेस ना?"

लहानपणी बाबाच तिला ते लावून द्यायचे. ताई म्हणाली, "तुम्हीच या ना लावायला."

बाबा उठले आणि कपाटात स्वेटर शोधायला लागले. सिंगापूरच्या उकाड्यात!