दोन्या ओबदुलिया आणि पाठीवरची सासू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गुलाबमळ्याचे व्यवस्थापक इंजिनिअर गालार्सा, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या मळ्याच्या डॉक्टर मिरेया, सत्कारमूर्ती दोन्या ओबदुलिया काचिपुएन्दो, त्यांच्या घरची मंडळी, आणि सकाळपासून पायांवर उभ्या असलेल्या, आत्ता कुठे टेकलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मी एडेलिना फारिनान्गो. फुलं निवडायच्या शेडमध्ये दोन्या ओबदुलियांच्या डाव्या हाताला माझी जागा. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहिले म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मी दमले आहे. आपण सगळ्याच दमलोय. प्रेमिकांचा दिवस उरकून आठवडा होत आलाय, तरी हातापायांचा ठणका उतरायला तयार नाही. जगातल्या लोकांनी एकमेकांवर थोडं सावकाश, वर्षभर पुरवून प्रेम केलं तर काय बिघडेल? (हसा, हसा. इंजिनिअरही हसले.)

तर दोन्या ओबदुलिया. मानाने आम्ही सगळ्या त्यांना नुसतं 'दोन्या' म्हणतो. त्यांची पाठ तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. समोर बसल्या आहेत, त्यांच्यासमोर पाठीबद्दल बोलू का, असं मी काल त्यांना विचारलं. म्हणाल्या, "बोल की. मला ती दिसत नाही, तुम्हीच बघत आलात."

आपली जुनी टेबलं नव्या मुलींनी पाहिलेली नाहीत. बुटकी होती. देठ मोजायचा, कळी बघायची, जुडी बांधायची, पुठ्ठ्यात गुंडाळायची, सगळं वाकून. दोन्या म्हणायच्या, "माझी पाठ ओली असताना या टेबलावर वाळत घातली, ती तशीच वाळली."

मग एका वर्षी, जानेवारीत, त्या डब्या आल्या. दोन्ही खांद्यांवरून पट्टे, आणि मध्ये, पाठीवर, काडेपेटीएवढी डबी. वाकलं की थरथरायची. ताठ झालं की गप्प. आमच्या पाठी सुधाराव्यात म्हणूनच आणल्या होत्या, हे मी अध्यक्षांसमोर मान्य करते. हेतू चांगलाच होता. पहिल्या दिवशी शेडमध्ये मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज. लुस्मिला इम्बागो ओरडली, "बायांनो, ही तर माझी सासू! दिसत नाही, पण पाठीमागून बडबड चालूच!" तेव्हापासून डबीचं नाव सासू पडलं. "तुझी सासू आज गप्प गं?" "मेली वाटतं." असं चालायचं.

पण सासू चुगलीखोर निघाली. भिंतीवर पडदा लावला होता. त्यावर प्रत्येकीचं नाव, नावापुढे ठिपका. ताठ राहिली तिचा हिरवा, वाकली तिचा लाल. ज्यांचा लाल हटेना त्यांना पाठीच्या तपासणीला पाठवणार, असं सांगण्यात आलं. तपासणीला गेलेली बाई पुन्हा टेबलावर येत नाही, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

दोन्या ओबदुलियांचा ठिपका रोज लाल. दुसरं काय होणार? त्यांची सासू सकाळी जी सुरू व्हायची, ती पट्टा उतरवेपर्यंत. शेजारी उभं राहून मला तो थरथराट दातात जाणवायचा. त्यांचे हात मात्र चालूच. देठ, कळी, जुडी. देठ, कळी, जुडी.

आणि एका सकाळी डबी गप्प झाली. दोन्या ताठ उभ्या! ठिपका हिरवा! इंजिनिअर, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही स्वतः आलात आणि म्हणालात, "बघा, मनावर घेतलं की जमतं." आम्ही टाळ्या वाजवल्या. दोन्यांनी मान हलवली. बोलता येत नव्हतं त्यांना, पण ते आमच्या लक्षात आलं नाही.

दुपारी लाल गुलाबांचा भारा उचलता उचलता त्या खाली कोसळल्या. फुलं अंगाखाली.

डॉक्टर मिरेया धावत आल्या. ब्लाउज सैल केला तर आत दोन्यांच्या आईचा विणलेला कंबरपट्टा, छातीपासून ओटीपोटापर्यंत गच्च आवळलेला. आणि पाठीशी, पट्ट्याच्या आत, गुलाब गुंडाळायच्या पुठ्ठ्यांची जाड थप्पी. श्वासाला जागाच नव्हती. डॉक्टरांनी कात्री मागितली. तेवढ्यात दोन्यांनी डोळे उघडले. "कापू नका. आईचा आहे. सोडवा." मग मी आणि लुस्मिलाने त्यांना हळूहळू फिरवत तो वेढा वेढा सोडवला. अंगावर पट्ट्याची नक्षी उमटली होती. शेवटचा वेढा सुटला, मोठा श्वास घेतला, आणि पहिलं काय विचारलं असेल त्यांनी?

"एडेलिना, हिरवाच आहे ना गं?"



संध्याकाळी लुस्मिला हात धुता धुता म्हणाली, "उद्या मी वाकणार."

"अगं, लाल होशील," मी म्हणाले.

"होऊ दे. सगळ्या लाल झाल्या तर तपासणीला कुणाकुणाला पाठवतील? आणि चौदा फेब्रुवारीची फुलं कोण, पडदा निवडणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही वाकलो. सगळ्या टेबलांवर, अगदी दोन्यांसारख्या. शेड नुसती घुमत होती. पडदा वरपासून खालपर्यंत लाल. दुपारपर्यंत माझ्या कमरेत अशी कळ उठली की डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कळलं, शेजारची बाई इतकी वर्षं काय सहन करत उभी होती.

त्या दिवशीही कामावर आलेल्या दोन्या ओबदुलियांना आधी उमगलंच नाही. उमगल्यावर मात्र हातातली जुडी टेबलावर आपटून म्हणाल्या, "मूर्ख पोरींनो, सरळ उभ्या राहा! तुम्हाला अजून राहता येतंय!"

त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. आम्ही सरळ झालो नाही.

इंजिनिअर आले. पडद्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताने तो बंद केला. मला वाटतं, हे इथे सांगायलाच हवं. हंगाम संपल्यावर डब्या गोळा झाल्या. डॉक्टर मिरेयांनी पिच्छा पुरवला म्हणून टेबलं उंच झाली. दोन्यांना उंच स्टूल मिळालं.

आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. तेवढी ताकद आज माझ्यात नाही. दोन्यांची पाठ होती तशीच राहिली. आणि लुस्मिलाला पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही जोर लावून विचारलं नाही, कारण प्रत्येकीच्या घरी चूल आहे. ती आज आली आहे. मागे, दाराजवळ बसली आहे. मी बोलावलं तिला. अध्यक्ष महोदय, निमंत्रण माझं आहे, जबाबदारीही माझीच. लुस्मिला, पुढे येऊन बस. इथे खुर्ची रिकामी आहे.

दोन्या ओबदुलिया आता का जात आहेत, तेही सांगते. मानेतली शीर दबली आहे. बोटं बधिर होतात. मागच्या महिन्यात मला म्हणाल्या, "फूल हातातून पडतं, आणि पडलेलं मला कळत नाही. मग इथे उभं राहून काय करू?" त्या रागावलेल्या नव्हत्या. नुसत्या थकलेल्या होत्या. मी विचारलं, घरी गेल्यावर पहिलं काय करणार? वाटलं, नातवंडं म्हणतील, कोंबड्या म्हणतील.

म्हणाल्या, "झोपणार. कुशीवर. आहे तशी वाकडी. आणि कुणी मला सरळ करायला यायचं नाही."

दोन्या, कुणी येणार नाही. मनसोक्त झोपा.

ज्यांनी हा समारंभ घडवून आणला त्यांची मी ऋणी आहे. इंजिनिअरांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचेही आभार. पलीकडे बिस्कोचोची बिस्किटं आणि चीज मांडलेलं आहे, कॉफी गार होते आहे, म्हणून आवरते. मला भाषणाची सवय नाही. कुणाला काही लागलं असेल, काही वेडंवाकडं बोलून गेले असेन, तर ते तसंच पदरात घ्या.